‘अंडर प्रोटेस्ट’ : मोबदला उचलताना हे दोन शब्द कुठे, कधी आणि कसे लिहावेत

धरण, कालवा, रेल्वे, कोळसा खाण किंवा महामार्ग यांसाठी ज्यांची वावरे गेली, अशा विदर्भातील हजारो घरांत ‘अंडर प्रोटेस्ट’ हा इंग्रजी शब्दप्रयोग मराठीइतक्याच सहजतेने बोलला जातो. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रापासून वर्धा आणि बेंबळा नद्यांच्या काठापर्यंत कुठल्याही गावात मोबदल्याचा विषय निघाला की ‘त्याने अंडर प्रोटेस्ट पैसे उचलले होते, म्हणून त्याची केस लागली’ असे वाक्य कानावर येते. शब्द सर्वांना ठाऊक आहे. मात्र तो कोणत्या कागदावर लिहायचा, कोणत्या क्षणी लिहायचा आणि लिहिल्यानंतर काय करायचे, याविषयी जी माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती बहुतेक वेळा अर्धवट असते. हा शब्दप्रयोग योग्य कागदावर, सहीच्या आधी लिहिला आणि त्याच्यामागोमाग मुदतीत अर्ज केला, तरच त्याचा उपयोग होतो. नुसत्या लिहिण्याने मोबदला एक रुपयानेही वाढत नाही.

या शब्दांचा कायद्यातील अर्थ

‘अंडर प्रोटेस्ट रक्कम स्वीकारली’ याचा अर्थ असा, की मी ही रक्कम घेत आहे, परंतु ती पुरेशी आहे हे मला मान्य नाही आणि अधिक रक्कम मागण्याचा माझा हक्क मी सोडलेला नाही. यात घेणेही आहे आणि हरकतही आहे, आणि दोन्ही एकाच वेळी आहेत. ‘प्रोटेस्ट’ म्हटले की मोर्चा, धरणे किंवा निषेधाचे निवेदन आठवते, त्यामुळे अनेकांना वाटते की हे लिहिले तर पैसे मिळणार नाहीत. ही भीती निराधार आहे. हरकत नोंदवून रक्कम घेण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे.

ती कुठे दिली आहे हे नीट माहीत असावे, म्हणजे कार्यालयात कुणी ‘असे लिहिता येत नाही’ म्हटले तर शांतपणे कलम दाखवता येते. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात कलम ३१ च्या पोटकलम २ मध्ये ही तरतूद होती. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या नव्या कायद्यात, म्हणजे ज्याच्या नावात योग्य भरपाई, पारदर्शकता, पुनर्वसन आणि पुनर्स्थापना हे शब्द आहेत त्या कायद्यात, ती कलम ७७ च्या पोटकलम २ मध्ये आहे. तेथे दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत. पहिली अशी, की ज्याचा हितसंबंध मान्य झाला आहे अशी व्यक्ती रकमेच्या पुरेपणाबद्दल हरकत नोंदवून रक्कम स्वीकारू शकते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे : ज्याने अशी हरकत न नोंदवता रक्कम स्वीकारली, त्याला कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. जुन्या कायद्यात हाच अर्ज कलम १८ खाली होत असे, म्हणून गावात आजही त्याला ‘अठराची केस’ म्हणतात.

ही दुसरी तरतूद कठोर आहे, आणि तिची धार थोडी बोथट करणारा एक निर्णयही आहे. अजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९९४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की ज्याने कलम १८ खाली अर्ज केला त्याची हरकत त्या अर्जातूनच दिसते, रक्कम स्वीकारली म्हणून ती नाहीशी होत नाही. तथापि हा निर्णय आहे म्हणून पावतीवर काही न लिहिता सही करावी, असे मी कुणालाही सांगणार नाही. जे काम एका ओळीने होते, त्यासाठी वकिलाला न्यायनिर्णय शोधत बसावे लागू नये.

पैसे नाकारू नयेत

पुष्कळ शेतकरी, विशेषतः वडीलधारी मंडळी, दर पटला नाही म्हणून रक्कमच घेत नाहीत. भावना समजण्यासारखी आहे, पण व्यवहार म्हणून ते नुकसानीचे आहे. आपण रक्कम घेतली नाही तर ती प्राधिकरणाकडे, म्हणजे मोबदल्याचे वाद ऐकण्यासाठी या कायद्याखाली नेमलेल्या यंत्रणेकडे, जमा केली जाते आणि ती काढण्यासाठी पुन्हा अर्ज व कागदपत्रे करावी लागतात. दरम्यान दुसरीकडे जमीन घेण्याची संधी निघून जाते. हरकत नोंदवून रक्कम घेतली, तर हाती पैसाही येतो आणि भांडण्याचा हक्कही शाबूत राहतो. पुढे प्राधिकरणाने मोबदला वाढवला, तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षासाठी दरसाल ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज देण्याची तरतूद कलम ७२ मध्ये आहे.

पहिली पायरी : आपली जमीन कोणत्या कायद्याखाली जात आहे

नोटीस हातात आली की सर्वप्रथम तिच्यावरील कायद्याचे नाव आणि कलम वाचावे. सिंचन प्रकल्प, कालवे, गावठाणाचे पुनर्वसन यांसाठीच्या अलीकडच्या संपादनात बहुधा २०१३ चा कायदा असतो आणि तेथे ‘अंडर प्रोटेस्ट’ला पूर्ण महत्त्व आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड भागातील कोळसा खाणींसाठी १९५७ चा कोळसाधारक क्षेत्रांचा वेगळा कायदा लागू होऊ शकतो. तेथे वाद न्यायाधिकरणापुढे जातो आणि तेथेही हरकत नोंदवूनच रक्कम घ्यावी. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा कायदा असतो. त्यात रक्कम मान्य नसेल तर कलम ३-जी च्या पोटकलम ५ खाली केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करायचा असतो. तेथेही पावतीवर हरकत लिहिणे हिताचेच आहे, पण खरे काम लवादाकडील अर्ज करतो.

चौथी परिस्थिती सर्वांत निसरडी आहे. शासन किंवा महामंडळ संमतीने थेट खरेदी करते तेव्हा तो निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा भूसंपादनाचा आदेश, नसतो, खरेदीखत असते. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गासाठी बरीचशी जमीन याच पद्धतीने घेतली गेली. थेट खरेदीत किंवा संमतीच्या निवाड्यात आपण दर मान्य असल्याचे लिहून दिलेले असते. त्यानंतर पावतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहिणे म्हणजे स्वतःच्याच लेखी संमतीच्या विरुद्ध बोलणे होय, आणि त्याला किंमत मिळणे कठीण. म्हणून ‘संमतीपत्र’, ‘करारनामा’ किंवा ‘खरेदीखत’ असे शब्द कागदावर दिसले, तर सही करण्यापूर्वीच थांबून जाणत्या वकिलाला विचारावे.

दुसरी पायरी : निवाडा वाचणे

हरकत कशाला आहे हे कळल्याशिवाय ती नीट लिहिता येत नाही. निवाड्याची प्रत आणि त्यातील आपल्या गटाचे विवरणपत्र मागून घ्यावे आणि ते सातबारा, फेरफार व संयुक्त मोजणीच्या नकाशाशी पडताळावे. आराजी, म्हणजे क्षेत्रफळ, बरोबर आहे का, ओलिताचे वावर कोरडवाहू म्हणून धरले आहे का, विहीर, पाइपलाइन, गोठा, सागाची झाडे मोजली आहेत का, हे एकेक पाहावे. वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा बागाईतदारांनी झाडांची संख्या आणि त्यांचे वय यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण फळावर आलेले झाड आणि नुकते लावलेले कलम यांच्या मूल्यांकनात मोठा फरक पडतो. ज्या वर्षी संपादनाची अधिसूचना निघाली त्या सुमाराची शेजारच्या जमिनींची खरेदीखते कोणत्या भावाने झाली, हेही निबंधक कार्यालयातून पाहून ठेवावे. बाजारभाव धरताना ग्रामीण भागात १ ते २ चा गुणक आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम, ही २०१३ च्या कायद्याची रचना आहे. आपल्या विवरणपत्रात ती कशी लावली हे तपासावे.

कलम ६४ खाली केवळ रकमेबद्दल नव्हे, तर मोजणीबद्दल, रक्कम कुणाला द्यायची याबद्दल, हिस्सेवाटपाबद्दल आणि पुनर्वसनाच्या हक्कांबद्दलही हरकत घेता येते.

तिसरी पायरी : वाक्य लिहिणे

रक्कम देण्यापूर्वी भूसंपादन कार्यालय बँक तपशिलाचा नमुना, हमीपत्र किंवा बंधपत्र आणि पावती अशा कागदांवर सह्या घेते. यांतील एखादा छापील मजकूर ‘सदर मोबदला मला मान्य असून माझी कोणतीही तक्रार नाही’ असा असू शकतो. अशा ओळीखाली सही करून शेजारी ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहिले, तर एकाच कागदावर दोन परस्परविरोधी विधाने होतात. ती ओळ एका रेघेने खोडावी, खोडलेल्या जागी लघुसही करावी आणि मग आपले वाक्य लिहावे. खोडू दिले जात नसेल, तर त्या कागदावर सही करण्याआधीच स्वतंत्र हरकतपत्र आवक विभागात देऊन पोच घ्यावी.

वाक्य सहीच्या वर लिहावे, सहीनंतर रिकाम्या जागेत नव्हे. नंतर भर घातल्याचा संशय येऊ नये. आपल्या हस्ताक्षरात, एकाच शाईने लिहावे आणि खाली तारीख टाकावी. मजकूर असा असावा :

‘मौजा अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक येथील गट क्रमांक अमुक, संपादित आराजी इतकी, याबाबत निवाड्यानुसार देऊ केलेली रक्कम अपुरी असून ती मला मान्य नाही. वाढीव मोबदला मागण्याचा माझा हक्क राखून मी ही रक्कम हरकतीसह, म्हणजेच अंडर प्रोटेस्ट, स्वीकारत आहे.’

कागद मराठीत असेल तर हे सर्व मराठीतच लिहावे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानुसार राज्याच्या कामकाजाची भाषा मराठी आहे, त्यामुळे महसूल कार्यालयात मराठी हरकत कमी वजनाची ठरत नाही. तरीही शेवटी ‘अंडर प्रोटेस्ट’ हे दोन शब्द ठेवावेत असा माझा आग्रह आहे, कारण कायद्याच्या इंग्रजी मजकुरात नेमके हेच शब्द आहेत आणि पुढे कागद कुणाच्याही हाती गेला तरी अर्थाबद्दल शंका उरत नाही.

कागद इंग्रजीत असेल, किंवा मुलगा-मुलगी इंग्रजीत लिहून देत असेल, तर शब्दांचा क्रम आणि रूप जपावे. ‘रिसीव्हड अंडर प्रोटेस्ट’ हे बरोबर आहे : आधी ‘मिळाले’ या अर्थाचे क्रियापद, त्याच्या लगेच नंतर हे दोन शब्द. मध्ये ‘द’ घालून ‘अंडर द प्रोटेस्ट’ करू नये, तसेच ‘अंडर प्रोटेस्टिंग’ किंवा ‘अंडर प्रोटेस्टेड’ असे रूपही करू नये. ऐकीव माहितीवरून लिहिलेले ‘अंडर प्रोटेक्शन’ तर अगदी वेगळा अर्थ देते. त्याचा अर्थ संरक्षणाखाली असा होतो आणि हरकत त्यात कुठेच येत नाही. नुसते ‘आय प्रोटेस्ट’ लिहिले तर निषेध कळतो, परंतु रक्कम कोणत्या अटीवर घेतली हे कळत नाही.

‘विदाउट प्रिज्युडिस’ हा आणखी एक शब्दप्रयोग याच्या जागी वापरलेला दिसतो. तो मुख्यतः तडजोडीच्या पत्रव्यवहारात वापरतात. या पत्रात मी जे देऊ करतो आहे किंवा जे म्हणतो आहे ते पुढे न्यायालयात माझ्याविरुद्ध कबुली म्हणून धरू नये, एवढा त्याचा आशय असतो. मोबदल्याच्या पावतीवर त्याने हरकतीची उणीव भरून निघेल असे गृहीत धरू नये. कायद्याने ज्या शब्दांना परिणाम जोडला आहे, तेच शब्द लिहावेत.

रक्कम थेट खात्यात जमा होते तेव्हा

आता मोबदला बँक खात्यात जमा होतो, त्यामुळे काउंटरवर पावती लिहिण्याचा प्रसंग अनेकदा येतच नाही. याचा अर्थ हरकत लिहायला जागा उरली नाही असा नाही. बँक तपशील देतानाच वर दिलेल्या मजकुराचे पत्र भूसंपादन अधिकाऱ्यांच्या नावे दोन प्रतींत न्यावे, एक आवक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर तेच पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावे आणि टपालाची पावती जपावी. रक्कम अकस्मात जमा झालीच, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असे पत्र द्यावे आणि त्यात ‘रक्कम अमुक तारखेला माझ्या खात्यात जमा झाली, ती मी हरकतीसह ठेवून घेत आहे’ असे स्पष्ट म्हणावे. बँकेच्या पासबुकावर किंवा स्वतःजवळच्या झेरॉक्स प्रतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून काही साधत नाही. हरकत ज्याच्या निवाड्याला आहे, त्याच्या दप्तरी ती नोंदली गेली पाहिजे.

सामाईक खात्यात, म्हणजे एका सातबाऱ्यावर भाऊ, बहिणी, काकू अशी अनेक नावे असतात तेव्हा, प्रत्येकाने स्वतंत्र हरकत लिहावी. एका हिस्सेदाराच्या अर्जाचा लाभ इतरांना मिळू शकतो असे न्यायालयांनी मानलेले आहे, तरी त्यावर विसंबून राहिल्याने पुढे घरातच वाद उभे राहतात. सासरी गेलेल्या बहिणीकडून नुसती सही मागवून घेण्याऐवजी तिला मजकूर वाचून दाखवावा आणि तिची हरकत तिच्या नावाने द्यावी. मुखत्यारामार्फत रक्कम घेतली जात असेल तर हरकतही मुखत्यारानेच, मुखत्यारपत्राचा उल्लेख करून लिहावी. अंगठा लावणाऱ्यांच्या बाबतीत हरकतीचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवले, असे नमूद करून खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. वाक्य दुसऱ्याच्या हातचे असले तरी चालते, अंगठा मात्र त्याच्या खाली हवा.

चौथी पायरी : सहा आठवड्यांचा अर्ज

येथेच बहुतेक प्रकरणे वाया जातात. ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहिले म्हणजे केस लागली, असा समज आहे. प्रत्यक्षात केस लागण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे, व्यवहारात भूसंपादन अधिकाऱ्यांकडे, कलम ६४ खाली लेखी अर्ज करावा लागतो आणि त्यात हरकतीची कारणे द्यावी लागतात. निवाडा जाहीर होताना आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर असेल, तर निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे इतकी मुदत आहे. हजर नसल्यास नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. पुरेसे कारण दाखवल्यास जिल्हाधिकारी पुढील एक वर्षापर्यंत उशिरा आलेला अर्ज घेऊ शकतात, परंतु ते त्यांच्या समाधानावर अवलंबून आहे. पैसे कधी मिळाले यावरून ही मुदत मोजली जात नाही, हे ठळकपणे लक्षात ठेवावे. रक्कम यायला वर्ष लागले आणि आपण तोवर थांबलो, तर पावतीवरची हरकत कितीही स्वच्छ अक्षरात असली तरी अर्जाची वेळ गेलेली असते.

अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी तो प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. विदर्भासाठी असे प्राधिकरण नागपुरात आहे. तीस दिवसांत तो पाठवला गेला नाही, तर आपणच प्राधिकरणाकडे जाऊन तसे निर्देश देण्याची विनंती करू शकतो. अर्जासोबत हरकतपत्राची शिक्का असलेली प्रत, निवाड्याची प्रत, सातबारा, मोजणीचा नकाशा आणि शेजारच्या खरेदीखतांच्या नकला जोडाव्यात.

वीजबिलाच्या वादात हेच शब्द

जमिनीच्या मोबदल्याबाहेरही एका ठिकाणी हा शब्दप्रयोग खेड्यातील माणसाच्या कामी येतो. मीटर बिघडून किंवा अंदाजे रीडिंगमुळे अवाच्या सवा बिल आले आणि कनेक्शन तोडण्याची नोटीस मिळाली, तर २००३ च्या विद्युत अधिनियमाचे कलम ५६ पाहावे. त्यानुसार तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. शिवाय ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘अंडर प्रोटेस्ट’ भरली, तर वाद निकाली निघेपर्यंत वीज तोडता येत नाही. येथे आपण पैसे घेत नसून देत आहोत, म्हणून वाक्य ‘सदर बिल मला मान्य नाही, कलम ५६ नुसार ही रक्कम मी हरकतीसह, अंडर प्रोटेस्ट, भरत आहे’ असे करावे, ते पत्र रक्कम भरण्याच्या दिवशीच उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि बिलाबद्दलची तक्रार वेगळी नोंदवावी. ऑनलाइन भरणा केला तर त्या पत्रात व्यवहार क्रमांक लिहावा.

ज्यांनी हरकत लिहिली नाही त्यांच्यासाठी

मोबदला काही न लिहिता उचलला गेला आणि मुदतही संपली, अशी कुटुंबे प्रत्येक प्रकल्पात असतात. त्यांच्यासाठी २०१३ च्या कायद्यात कलम ७३ आहे. जुन्या कायद्यात ते २८-अ होते. त्याच अधिसूचनेखाली गेलेल्या दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याचा मोबदला प्राधिकरणाने वाढवला, तर ज्यांनी स्वतः कलम ६४ खाली अर्ज केला नव्हता, तेही त्या निकालाच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरनिश्चितीचा अर्ज करू शकतात. मुदत त्या निकालापासून तीन महिन्यांची आहे. निकाल दिल्याचा दिवस आणि निकालाची नक्कल मिळवण्यास लागलेला काळ तीतून वगळला जातो. म्हणून आपल्या गावातील कुणाची केस चालू आहे, ती कोणत्या अधिसूचनेखालची आहे आणि निकाल कधी लागला, हे विचारत राहावे, आणि निकाल लागल्याचे कळताच प्रमाणित नकलेसाठी त्याच आठवड्यात अर्ज करावा.